स्प्रेहूड

स्प्रेहूड हा शिडाच्या नौकेवरील घडीचा कापडी आडोसा आहे. धातूच्या नळ्यांच्या कमानींवर ताणून बसवलेले हे छत केबिनमध्ये उतरण्याच्या तोंडावर आणि कॉकपिटच्या, म्हणजे नौकेच्या मागील भागातील बसण्याच्या उघड्या खोलगट जागेच्या, पुढील कडेस असते. नाळेवर फुटणाऱ्या लाटांचे तुषार, पाऊस आणि समोरचा वारा यांपासून नौकेवरील माणसांचे व केबिनच्या अंतर्भागाचे रक्षण करणे हे त्याचे मुख्य कार्य होय. टांग्याच्या किंवा बाबागाडीच्या टपाप्रमाणे ते उभारता व मिटता येते.

साधारण ६ ते १० मीटर लांबीच्या भ्रमणनौकांवर स्प्रेहूडची निवड हा मोठ्या नौकांपेक्षा अधिक नाजूक प्रश्न असतो. या नौकांची केबिन बुटकी, कॉकपिट आखूड आणि शिडाच्या तळाचा आडवा वासा, म्हणजे बूम, डोक्याच्या जवळ असतो. त्यामुळे आडोसा थोडा उंच केला तरी सुकाण्याची समोरची दृष्टी अडते आणि थोडा ठेंगणा केला तर त्याखाली बसता येत नाही. कापडाचा दर्जा व रंग यांची चर्चा अधिक होत असली, तरी स्प्रेहूड उपयोगी ठरेल की अडचणीचे हे मुख्यतः त्याची उंची, रुंदी आणि जागा यांवरून ठरते.

नाव व परिभाषा

ब्रिटनमध्ये या आडोशाला 'स्प्रेहूड' व अमेरिकेत 'डॉजर' असे म्हणतात. ब्रिटिश वापरात मात्र 'डॉजर' हा शब्द कॉकपिटच्या दोन्ही बाजूंच्या रेलिंगला बांधलेल्या कापडी पट्ट्यांसाठी योजतात. या पट्ट्यांवर बहुधा नौकेचे नाव लिहिलेले असते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ लक्षात न घेतल्यास माहितीपुस्तिका वाचताना किंवा शिवणकाम सांगताना घोटाळा होतो. संपूर्ण कॉकपिटवर उन्हापासून संरक्षणासाठी उभारलेल्या सपाट छताला 'बिमिनी' म्हणतात. बिमिनी पुढून उघडी असल्याने समोरून येणारे तुषार अडवत नाही. नांगर टाकलेल्या नौकेवर बूमवरून तंबूसारखे पसरलेले कापड हा आणखी निराळा प्रकार असून तो नौका चालू असताना वापरत नाहीत.

'कॅनव्हास' हा शब्द भांग किंवा ताग-अंबाडीसारखे धागे देणाऱ्या हेंप वनस्पतीच्या 'कॅनाबिस' या लॅटिन नावावरून आला आहे. आजच्या स्प्रेहूडच्या कापडाला व्यवहारात कॅनव्हास म्हटले, तरी त्यात वनस्पतिजन्य धागा सहसा नसतो.

इतिहास

शिडांसाठी विणलेले जाड कापड आडोशासाठी वापरण्याची पद्धत जुनी आहे. मोठ्या जहाजांच्या उघड्या संचालन-मंचावरही पहाऱ्यावरील अधिकाऱ्यांना वारा लागू नये म्हणून कॅनव्हासचे पडदे बांधले जात. लहान नौकांवर मात्र दीर्घकाळ उघड्या कॉकपिटमध्ये भिजतच बसावे लागे. स्कँडिनेव्हियात १९४२ साली प्रथम बांधली गेलेली 'फोकबोट' ही ७.६८ मीटर लांब व २.२० मीटर रुंद नौका या वर्गाचे नमुनेदार उदाहरण आहे. तिची समुद्रात तग धरण्याची क्षमता नावाजलेली असली, तरी तिचा कॉकपिट उघडा होता.

याच आराखड्यावर आधारलेल्या 'जेस्टर' या नौकेत ब्रिटिश मरीन दलातील अधिकारी हर्बर्ट हॅसलर यांनी वेगळा प्रयोग केला. त्यांनी कॉकपिट जवळजवळ पूर्ण झाकून मध्यभागी एक वर्तुळाकार झडपेचे तोंड ठेवले आणि त्यावर बाबागाडीच्या टपासारखा, वाऱ्याच्या दिशेनुसार फिरवता येणारा आडोसा बसवला. शिडाचे सर्व दोर या तोंडापर्यंत आणलेले असल्यामुळे त्यांना बाहेर न येता नौका चालवता येई. १९६० मध्ये प्लिमथहून न्यूयॉर्ककडे झालेल्या पहिल्या एकल अटलांटिक शर्यतीत फ्रान्सिस चिचेस्टर ४० दिवसांत पहिले आले आणि हॅसलर ४८ दिवसांत दुसरे आले. आडोसा हा केवळ ऐषारामाचा भाग नसून माणसाची काम करण्याची शक्ती टिकवणारे साधन आहे, हा विचार 'जेस्टर'च्या रचनेतून ठळकपणे पुढे आला.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आडोशासाठी सुती कॅनव्हास वापरला जाई. भिजल्यावर सुती धागे फुगतात व विणीतील छिद्रे बुजतात, हा त्याचा गुण. परंतु ओला राहिल्यास तो कुजतो, बुरशी धरतो आणि आटतो. १९५० च्या सुमारास ॲक्रिलिक धाग्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. १९६१ साली अमेरिकेतील ग्लेन रेव्हन या कंपनीने 'सनब्रेला' या नावाने ॲक्रिलिक कापड बाजारात आणले. प्रथम दुकानांच्या छज्ज्यांसाठी वापरले गेलेले हे कापड पुढे नौकांवरही रूढ झाले.

कार्य व तत्त्व

स्प्रेहूडची गरज प्रामुख्याने वाऱ्याच्या दिशेकडे जाताना भासते. १५ नॉट वेगाच्या वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन करून ५ नॉट वेगाने जाणाऱ्या नौकेवर जाणवणारा वारा सुमारे १९ नॉट असतो. तीच नौका वाऱ्याबरोबर सरळ जात असेल, तर जाणवणारा वारा १० नॉटपर्यंत उतरतो. वाऱ्याकडे जाताना नाळ लाटांवर आपटते आणि उडालेले पाणी थेट कॉकपिटमध्ये येते. ओले कपडे व वारा यांच्या संयोगाने शरीर वेगाने थंड होते, कारण १ लीटर पाण्याचे बाष्पीभवन होण्यास सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते व तिचा काही भाग शरीरातून जातो. थंडीने बोटे बधिर होतात, गाठी सुटत नाहीत आणि निर्णयशक्ती मंदावते. दोन-तीन माणसांच्या नौकेवर एकजण असा निकामी झाला, की उरलेल्यांवरील भार लगेच वाढतो.

दुसरे कार्य केबिन कोरडी ठेवण्याचे आहे. आडोसा असल्यास पावसातही केबिनचे वरचे सरकते झाकण उघडे ठेवता येते, त्यामुळे हवा खेळती राहते आणि अंथरूण, नकाशे व विद्युत उपकरणे कोरडी राहतात. नांगर टाकलेली नौका, प्रवाह प्रबळ नसेल तर, आपोआप वाऱ्याकडे तोंड करते. तेव्हा समोरचा वारा अडवणारे स्प्रेहूड सर्वाधिक उपयोगी पडते. याउलट वारा मागून असताना स्प्रेहूडची उघडी बाजू वाऱ्याकडे येते, त्यात वारा भरतो आणि पाऊस सरळ केबिनच्या तोंडावर येतो.

उंची आणि दृष्टी

समुद्रावरील टक्कर टाळण्यासंबंधीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील पाचव्या नियमानुसार प्रत्येक नौकेने डोळ्यांनी व कानांनी सतत योग्य टेहळणी ठेवणे बंधनकारक आहे. हा नियम लहान शिडाच्या नौकेलाही लागू असल्याने समोरचे दृश्य अडवणारा आडोसा हा सुरक्षेचा प्रश्न ठरतो.

सुकाण्याने स्प्रेहूडच्या वरून पाहावे की खिडकीतून, हा निवडीतील पहिला निर्णय असतो. खिडकीवर मिठाचे थर साचतात, पावसाचे थेंब राहतात आणि रात्री केबिनमधील दिव्यांचे प्रतिबिंब पडते. म्हणून वरून पाहता येणे श्रेयस्कर मानले जाते. त्यासाठी छताची मागील कड नेहमीच्या जागी बसलेल्या सुकाण्याच्या डोळ्यांपेक्षा खाली असावी लागते. ती किती खाली असावी, हे साध्या भूमितीने कळते. सुकाण्याचे डोळे पाण्यापासून १.५ मीटर उंचीवर आणि छताचा सर्वांत उंच भाग डोळ्यांपासून १.५ मीटर पुढे आहे, असे समजू. छत डोळ्यांपेक्षा १० सेंटिमीटर खाली असेल, तर सुमारे २२ मीटरच्या पुढील पाणी दिसते. छत फक्त ५ सेंटिमीटर खाली असेल, तर हे अंतर ४५ मीटरपर्यंत वाढते. छत डोळ्यांच्या पातळीला आले, तर क्षितिजाखालचे समोरचे सर्व पाणी झाकले जाते. ५ नॉट वेगाने जाणारी नौका ४५ मीटर अंतर सुमारे १७ सेकंदांत कापते. मासेमारीचा बोया, लहान होडी किंवा पोहणारा माणूस एवढ्या अंतरात दृष्टीआड राहू शकतो.

या गणितामुळे लहान नौकेवर ५ सेंटिमीटरचा फरकही मोठा ठरतो. वेगवेगळ्या उंचीची माणसे सुकाणू धरत असतील, तर सर्वांत बुटक्या व्यक्तीची नजर प्रमाण मानावी लागते. उंची कमी करणे शक्य नसेल, तर बसण्याच्या फळीवर जाड गादी ठेवणे, सुकाणूच्या दांड्याला लांब जोडदांडी लावून उभ्याने नौका चालवणे किंवा पुढील खिडकीचा मधला भाग साखळीपट्टीने उघडून गुंडाळता येईल असा ठेवणे, हे पर्याय असतात. नौका एका बाजूला कललेली असताना सुकाण्या बहुधा वाऱ्याकडील उंच बाजूस बसतो व छताच्या बाजूने पुढे पाहतो. त्यामुळे आडोशाच्या बाजू किती मागे येतात, हेही तपासावे लागते.

बूम, दोर आणि वावर

स्प्रेहूडच्या वरच्या मर्यादेचा निर्णय बूम करतो. मुख्य शीड पूर्ण ताणलेले असतानाच नव्हे, तर ते लहान केलेले असताना किंवा उतरवलेले असतानाही बूम छताला लागता कामा नये. बूमचे मागील टोक वर धरून ठेवणारा दोर सैल झाल्यास तो किती खाली येतो, हे प्रत्यक्ष पाहून मोजणे आवश्यक असते. मुख्य शीड नियंत्रित करणारा दोर केबिनच्या छपरावर बांधलेला असेल, तर तो स्प्रेहूडच्या पुढे येतो की त्यातून जातो, यावर छताची पुढील मर्यादा अवलंबून राहते.

अनेक नौकांवर शीड चढवण्याचे दोर डोलकाठीच्या पायथ्यापासून केबिनच्या छपरावरून मागे आणलेले असतात व तेथे विंच बसवलेले असतात. हे दोर स्प्रेहूडच्या पुढील कडेखालून जाण्यासाठी कापडात झाकणपट्टी असलेल्या फटी ठेवतात. विंचची मूठ सामान्यतः २० किंवा २५ सेंटिमीटर लांब असते. ती पूर्ण फिरली नाही, तर ऐन वाऱ्यात शीड लहान करणे अवघड होते. यासाठी विंच एकतर स्प्रेहूडच्या पूर्ण आत, हात मोकळा फिरेल इतक्या अंतरावर, किंवा पूर्ण बाहेर असावा. कापडाच्या कडेखाली अर्धवट आलेला विंच वापरण्यास सर्वांत गैरसोयीचा ठरतो.

कॉकपिटमधून बाजूच्या अरुंद पट्टीवरून नाळेकडे जाण्याचा मार्ग हा तिसरा मुद्दा होय. स्प्रेहूड पूर्ण रुंदीचे केल्यास आत दोन माणसे बसू शकतात, परंतु पुढे जाणाऱ्याला बाहेरच्या बाजूने, रेलिंगला लगटून वळसा घालावा लागतो. ही हालचाल बहुधा नौका हलत असताना व शीड बदलण्याच्या घाईत होते. म्हणून लहान नौकेवर स्प्रेहूडची रुंदी केबिनच्या छपरापुरती मर्यादित ठेवतात. माणूस आधारासाठी सहजच छताची मागील कमान पकडतो, हे गृहीत धरून त्या कमानीवर किंवा तिच्या दोन्ही बाजूंना मजबूत हातदांड्या बसवतात. केवळ कापड ताणण्यापुरती बारीक कमान माणसाचा तोल सावरण्यास पुरत नाही.

सांगाडा

लहान नौकेच्या स्प्रेहूडला सहसा दोन कमानी असतात. मागील कमान उभी किंवा किंचित मागे झुकलेली आणि पुढील कमान तिच्या पुढे तिरपी असते. दोन्ही कमानी एका बिजागरीवर फिरतात व मागे बांधलेल्या पट्ट्यांनी कापड ताणले जाते. कमानींसाठी २२ किंवा २५ मिलिमीटर व्यासाची, ३१६ प्रतीच्या गंजरोधक पोलादाची नळी रूढ आहे. या प्रतीत मॉलिब्डेनम असल्याने ती खाऱ्या पाण्यात ३०४ प्रतीपेक्षा अधिक टिकते. ॲल्युमिनियमची नळी हलकी असते, पण तितक्याच भाराखाली अधिक वाकते. तसेच गंजरोधक पोलादाचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये थेट बसवल्यास खाऱ्या पाण्यामुळे ॲल्युमिनियम झिजते. ३१६ पोलाद जवळजवळ अचुंबकीय असले, तरी वाकवलेल्या भागात किंचित चुंबकत्व येऊ शकते. होकायंत्र कमानीजवळ असेल, तर स्प्रेहूड उभे व मिटलेले असे दोन्ही वेळा त्याचे वाचन ताडून पाहतात.

छताला मधोमध बहिर्वक्र आकार असावा लागतो. सपाट छतावर पावसाचे पाणी साचते, त्याच्या वजनाने कापड ताणते आणि खळगा कायमचा होतो. समोरची बाजू पुरेशी तिरपी असल्यास पाणी वर व बाजूंना निसटते. ती उभी असल्यास लाटेचा मारा पूर्णपणे तिच्यावर येतो.

कापड

स्प्रेहूडसाठी मुख्यतः तीन प्रकारची कापडे वापरतात.

द्रावणात रंगवलेले ॲक्रिलिक: यात धागा तयार होण्यापूर्वीच द्रावणात रंग मिसळलेला असतो, म्हणून तो उन्हात फारसा फिका होत नाही. नौकांसाठीच्या कापडाचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३०० ग्रॅम असते. त्यातून हवा जाऊ शकत असल्याने आत बाष्प कमी साचते. पाणी न शोषण्याचा गुण वरून दिलेल्या लेपामुळे येतो आणि तो काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. हे कापड घासल्यास झिजते, म्हणून कमानीवर येणाऱ्या भागात दुहेरी थर किंवा चामड्याची पट्टी शिवतात.

द्रावणात रंगवलेले पॉलिएस्टर: हे ॲक्रिलिकपेक्षा मजबूत व कमी ताणणारे असते. वारंवार घडी घालाव्या लागणाऱ्या आडोशाला ते सोयीचे पडते.

पीव्हीसीचा थर दिलेले पॉलिएस्टर: हे पूर्ण जलाभेद्य व पुसण्यास सोपे असते. मात्र त्यातून हवा जात नसल्याने आतल्या बाजूस दव धरते आणि ओले असताना घडी करून ठेवल्यास बुरशी येते.

सतत तुषार झेलणाऱ्या व सहसा न मिटणाऱ्या आडोशाला तिसरा प्रकार उपयुक्त ठरतो, तर अधिक काळ नांगरावर राहणाऱ्या, आत झोपण्याची सोय असलेल्या नौकेला पहिला. रंग निवडताना गडद रंग अधिक तापतो आणि अतिशय फिका रंग डोळ्यांना चमक देतो व डाग दाखवतो, याचा विचार करतात.

खिडक्या

पारदर्शक खिडक्यांसाठी मऊ पीव्हीसी किंवा पॉलिकार्बोनेटचे पत्रे वापरले जातात. मऊ पीव्हीसीची जाडी साधारण ०.७५ ते १ मिलिमीटर असते. ती गुंडाळता येते व स्वस्त असते, परंतु कालांतराने पिवळी पडते, धूसर होते व थंडीत कडक होऊन तडकू शकते. पॉलिकार्बोनेटमधून दृश्य अधिक स्वच्छ व न वाकता दिसते. मात्र त्याची घडी घालता येत नाही, त्यामुळे छत मिटताना खिडकी काढून ठेवावी लागते. ध्रुवीकरण करणारा काळा चष्मा घातल्यास ताण आलेल्या पॉलिकार्बोनेटमध्ये रंगीत पट्टे दिसतात. रंगछटा दिलेल्या खिडक्या दिवसा सुखद वाटतात, पण रात्री दूरचे मंद दिवे त्यातून दिसेनासे होतात.

पीव्हीसी खिडकी तापलेल्या धातूच्या नळीला टेकल्यास तेथे तपकिरी डाग पडतो. म्हणून कमान खिडकीच्या मधून न जाता कापडी भागाखालून जाईल अशी आखणी करतात.

शिवण व जोडणी

बहुतेक स्प्रेहूड कापडाआधी शिवणीत उसवतात. पॉलिएस्टरचा दोरा अतिनील किरणांनी हळूहळू ठिसूळ होतो. पीटीएफई या पदार्थाच्या दोऱ्यावर उन्हाचा परिणाम जवळजवळ होत नाही, परंतु तो महाग व निसरडा असल्याने शिवताना अधिक कौशल्य लागते. साखळीपट्ट्या जाड प्लॅस्टिकच्या दातांच्या असाव्यात, कारण धातूच्या दातांत मीठ बसून त्या अडकतात.

पुढील कड छपराला जोडण्यासाठी दाबाची बटणे, फिरकीची बटणे किंवा दोरी शिवलेली कड सरकवण्याची ॲल्युमिनियमची खाच वापरतात. बटणांच्या मधल्या फटींतून पाणी शिरते. खाच अखंड असल्याने पाणी चांगले अडवते, मात्र तिच्यासाठी छपरावर अनेक छिद्रे पाडावी लागतात. काचतंतूच्या अनेक नौकांच्या छपरात दोन थरांमध्ये बाल्सा लाकडाचा गाभा असतो. छिद्रातून पाणी झिरपल्यास तो कुजतो. यासाठी छिद्र आधी मोठे करून इपॉक्सीने भरतात, ते घट्ट झाल्यावर त्यातून स्क्रूचे छिद्र पाडतात आणि जोड जलरोधक लुकणाने बंद करतात. हे काम घाईने केल्यास स्प्रेहूडपेक्षा छपराच्या दुरुस्तीचा खर्च कितीतरी अधिक होतो.

प्रकार

संपूर्ण घडीचे कापडी स्प्रेहूड लहान नौकांवर सर्वाधिक आढळते. त्याचा ठेंगणा उपप्रकार केवळ केबिनचे तोंड झाकतो. त्याखाली एक माणूस दाराच्या पायरीवर बसू शकतो व सुकाण्याची दृष्टी मोकळी राहते. स्थिर काचेचा पडदा व त्यावर कापडी छत ही रचना स्वीडनमधील हॅलबर्ग-रॅसी यांच्या नौकांमुळे परिचित झाली. छत मिटल्यावरही काच वारा अडवते, हा तिचा लाभ होय. काचतंतूचे किंवा प्लायवुडचे कठीण छत सर्वांत टिकाऊ असते व त्यावर सौर पट्टिका बसवता येते, परंतु ते मिटता येत नाही आणि लहान नौकेवर उंचावरील वजन वाढवते. अगदी लहान नौकांवर स्प्रेहूडऐवजी बाजूंच्या कापडी पट्ट्या व चांगले जलरोधक कपडे यांवर भागवणे अधिक शहाणपणाचे ठरू शकते.

निवडीचा क्रम

निवडीचे टप्पे साधारणतः पुढीलप्रमाणे असतात.

१. नौका कोठे व कशी वापरली जाते हे ठरवणे: थंड समुद्रातील लांब प्रवास, उष्ण किनाऱ्यावरील दिवसभराची सफर किंवा शर्यत.

२. बसलेल्या व उभ्या सुकाण्याच्या डोळ्यांची उंची आणि बूमची सर्वांत खालची पातळी मोजणे. या दोहोंमधून छताच्या उंचीची मर्यादा मिळते.

३. प्लॅस्टिकच्या नळ्या किंवा वाकवलेल्या कामट्यांचा कच्चा सांगाडा तात्पुरता बांधून त्यावर जुनी चादर टाकणे. विंच फिरवणे, केबिनमधून वर येणे, नाळेकडे जाणे व सुकाणूवरून पाहणे या चारही गोष्टी या नमुन्यासह करून पाहाव्यात.

४. कमानींची जागा निश्चित झाल्यावर त्यांवर पातळ प्लॅस्टिक ताणून कापडाचा नमुना आखणे.

५. शेवटी कापड, खिडक्या व रंग निवडणे.

तयार संच स्वस्त पडतो व प्रचलित आराखड्याच्या नौकांना बरा बसतो. मात्र त्याच आराखड्याच्या दोन नौकांवरही विंच व दोरांची मांडणी वेगळी असू शकते. मापानुसार शिवलेले स्प्रेहूड घेताना सांगाडा आधी बसवून मग कापड बेतले जाते की नाही, हे विचारून घेणे हितावह असते.

उष्ण समुद्रातील विचार

स्प्रेहूडची बरीचशी चर्चा उत्तर युरोप व उत्तर अमेरिकेच्या थंड समुद्रांना धरून झाली आहे. उष्णकटिबंधात तिचा क्रम काहीसा बदलतो. मुंबईत सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या मध्यावर व जुलैच्या अखेरीस, थेट डोक्यावर येतो. अशा अक्षांशांवर अतिनील किरणांमुळे दोरा व खिडक्या लवकर खराब होतात. त्यामुळे उन्हाला टिकणारा दोरा, खिडक्यांवर घालायचे कापडी झाकण आणि हवा येण्यासाठी उघडणारी पुढील खिडकी यांना येथे प्राधान्य मिळते. बंद खिडकीच्या आडोशामागे केबिनचे तोंड असह्य तापते.

मुंबई, पालघर व रायगडच्या किनाऱ्यालगत समुद्रतळाशी बांधलेली डोल जाळी लावली जातात व त्यांच्या खुणा म्हणून पाण्यावर बोये तरंगत असतात. शिडाच्या नौकेचे सुकाणू किंवा पंखा अशा जाळ्यात अडकल्यास नौका व कोळ्याचे जाळे या दोहोंचे नुकसान होते. अशा पाण्यात छताच्या वरून मोकळे दिसणे हे कोरडे राहण्यापेक्षा अधिक मोलाचे ठरते.

मर्यादा व वादळी हवामान

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३० नॉटच्या वाऱ्यात १ चौरस मीटर उभ्या पृष्ठभागावर सुमारे १५ किलोग्रॅम वजनाइतका जोर येतो, तर ६० नॉटला तो चौपट होतो. हा भार चांगल्या बांधणीचा सांगाडा सहन करतो, मात्र वाऱ्याकडे जाताना नौकेचा वेग कमी करतो. म्हणून शर्यतीत स्प्रेहूड मिटून किंवा काढून ठेवतात. पाण्याची घनता हवेच्या आठशेहून अधिक पट असते. सेकंदाला ३ मीटर वेगाने आलेल्या पाण्याचा तेवढ्याच क्षेत्रावरील जोर सुमारे ४७० किलोग्रॅम वजनाइतका भरतो. त्यामुळे फुटणाऱ्या लाटेपुढे कापडी स्प्रेहूड टिकेल, अशी अपेक्षा कोणत्याही कापडाकडून ठेवता येत नाही.

मोठ्या वादळाची चाहूल लागताच आडोसा मिटून घट्ट बांधणे किंवा सांगाड्यासह उतरवणे, ही योग्य पद्धत होय. म्हणूनच एका माणसाला ओल्या हातांनी काही मिनिटांत मिटता येणे, ही चांगल्या स्प्रेहूडची महत्त्वाची कसोटी मानली जाते. केबिनच्या दाराच्या फळ्या बसवणे हे पाणी आत शिरू न देण्याचे खरे साधन आहे. स्प्रेहूड उभे आहे म्हणून त्या काढून ठेवणे धोक्याचे असते. जीवरक्षक पट्ट्याचा दोर कधीही स्प्रेहूडच्या कमानीला अडकवत नाहीत. त्यासाठी नौकेच्या मूळ बांधणीत पक्के केलेले कडे वापरतात.

निगा

मिठाचे स्फटिक कापड व खिडक्या घासतात, म्हणून प्रवासानंतर स्प्रेहूड गोड्या पाण्याने धुतात. कापडाला सौम्य साबण पुरतो. खिडक्या कोरड्या फडक्याने पुसल्यास ओरखडे पडतात. त्या भरपूर पाण्याने धुऊन मऊ ओल्या कापडाने टिपाव्या लागतात. अमोनिया किंवा अल्कोहोल असलेली काच पुसण्याची द्रावणे पीव्हीसी खिडकीला हानिकारक असतात. हाताला लावलेल्या ऊनरोधक मलमाचे डागही तिच्यावर उमटतात.

कापड नेहमी कोरडे झाल्यावरच मिटतात. सैल कापड वाऱ्यात फडफडून शिवणीपाशी झिजते, त्यामुळे मागील पट्ट्यांचा ताण वेळोवेळी वाढवावा लागतो. शिवणीवर नखाने घासून पाहिल्यास दोऱ्याची स्थिती कळते. दोरा तुटू लागला असेल, तर कापड धड असतानाच पुन्हा शिलाई मारून घेतल्याने स्प्रेहूडचे आयुष्य वाढते. नौका दीर्घकाळ बंद राहणार असेल, तेव्हा कापड काढून, खिडक्यांच्या मध्ये मऊ कापड घालून आणि सैल गुंडाळी करून कोरड्या जागी ठेवतात. कोकण किनाऱ्यावर हा काळ बहुधा जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांचा असतो.